वद्य पंचमीची पेरणी

माधव नगर, उज्जैन
दसरा, ३ ऑक्टोबर १९९५

जयू बेटा,

तुला आणि तुझ्या आईला दसऱ्याचे आशीर्वाद. आज सकाळी देवास गेटवर जाऊन उन्हेलच्या बसच्या कंडक्टरजवळ गव्हाची पिशवी दिली. साडेअकरा किलो आहे. तोंड दोनदा शिवलं आणि वर तुझं नाव, गाव नाहरखेडी, असं लिहिलं. कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, इसमें सोना है क्या?" मी म्हटलं, "बीज है. सीट के नीचे मत रखना, वहाँ पानी आता है." तो हसला. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. पिशवी मिळाली की त्याच दिवशी कार्ड टाक.

तू लिहिलंस की तुमच्या नवयुवक कृषक मंडळाला पंचायतीनं विहिरीजवळचा अर्धा बिघा दिला आहे, आणि फेब्रुवारीत जिल्ह्याचे साहेब लोक सगळ्या गावांच्या मंडळांची शेतं पाहून शील्ड देणार आहेत. तिथे तू आपला काठा गहू लावणार, हे मी सूनबाईला दोनदा वाचून दाखवलं. सुनंदा म्हणाली, "आबा, मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

हा गहू तुझे आजोबा आणि मी, आम्ही दोघे भाऊ, बापाच्या हातापासून पेरत आलो. अकरा वर्षांपूर्वी वसंता मला इथे शहरात घेऊन आला तेव्हा मी एक डबा बी बरोबर आणलं, आणि दर वर्षी घरामागच्या पट्टीत पेरून ते जिवंत ठेवलं. गावात आता सगळीकडे सोयाबीन आणि तो बुटका गहू, काठा कुणाकडे राहिला नसेल. माझ्याकडे आणखी आहे, त्याची काळजी तू करू नकोस.

पेरणी कार्तिक वद्य पंचमीला करा. आपल्या घरात ती त्याच दिवशी व्हायची. दोन बोटांपेक्षा खोल नको. तिफणीवर मूठ तू स्वतः धर. मूठ आवळली तर बी अडतं, सैल सोडली तर वाहून जातं, आणि तुमच्या मंडळातल्या पोरांचा हात सैल असणार.

गहू हिरवा असताना मला एकदा यायचं आहे. वसंता नाही म्हणेल, त्याचं मी पाहतो.

आबा


नाहरखेडी
९ ऑक्टोबर १९९५

आबा, तुम्हाला वाकून नमस्कार.

पिशवी त्याच संध्याकाळी मिळाली. कंडक्टरनं हातात देताना म्हटलं, "लो, तुम्हारे बाबूजी का सोना." टाके दोन्ही शाबूत होते. आईनं ती देवाच्या खोलीत ठेवली आहे.

परवा मंडळाची मीटिंग झाली. आता आम्ही अकरा जण आहोत, त्यात चार मुली. पावसाळ्याआधी आम्ही त्रेचाळीस घरांचं सोयाबीनचं बी तपासून दिलं होतं. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. साठच्या खाली आलं त्याला सांगायचं, हे पेरू नको. त्यामुळे आता म्हातारी माणसंसुद्धा आम्हाला खाटेवर बसा म्हणतात.

मीटिंगच्या आदल्या दिवशी एका बियाणे कंपनीची जीप आली होती. त्यांनी सगळ्यांना टोप्या दिल्या. म्हणाले, प्रदर्शनाच्या शेतात आमचा गहू लावा आणि आमचा बोर्ड लावा, तर बी फुकट आणि वर फवारणीचा पंप. आमचा सचिव मांगीलाल टोपी घालूनच मीटिंगला आला. म्हणाला, "पंप तो ले लें, गेहूं बाद में देख लेंगे." मी म्हटलं, आमच्या आबांनी जो गहू अकरा वर्षं अंगणात सांभाळला तो लावायचा नसेल तर मी अध्यक्ष राहत नाही. मग हात वर केले. सात आमच्या बाजूचे, चार पंपाच्या.

पेरणीच्या दिवसावरूनही मांगीलाल अडला. म्हणे, "इतनी जल्दी? अभी तो धूप चमड़ी उतार रही है." मी म्हटलं, आबांचा साठ वर्षांचा अनुभव आहे, तुझ्या मिशीला अजून एक होळी झाली नाही. सगळे हसले. शेवटी तुम्ही सांगितलेलाच दिवस पक्का केला. शेतात वखरणी झाली आहे.

तुमची जयू


माधव नगर, उज्जैन
२५ ऑक्टोबर १९९५

जयू बेटा,

काल ग्रहण झालं. सुनंदानं आम्हा सगळ्यांना खिडक्या लावून घरात बसवलं आणि सुटल्यावर अंघोळी करायला लावल्या. राम घाटावर फार गर्दी होती म्हणतात. मला एकच फिकर होती. ग्रहणाच्या वेळी बियाची पिशवी घरातच होती ना? कुणी उन्हात वाळायला म्हणून बाहेर तर काढली नव्हती? आणखी अठरा दिवस ती घरात राहणार, तेव्हा उंदरांकडे बघ. देवाच्या खोलीत तेलाचा वास असतो, उंदीर तिथे आधी येतात.

मांगीलालला सांग, हे लवकर नाही. ती कंपनीची माणसं डिसेंबरपर्यंत पेरलं तरी चालेल म्हणत असतील, त्यांचं ऐकून तो बोलत असेल. त्यांचा गहू वेगळा. आपल्या काठ्याला रात्री थंड लागतात.

वसंताशी बोललो. तो म्हणाला, "आबा, बसचे धक्के आणि तुमचं ब्लड प्रेशर, मी डॉक्टरांना काय सांगू?" मी म्हटलं, "डॉक्टर नाहरखेडीचा आहे का?" त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. पण मी सोडणार नाही. माघात गव्हाची लोंबी पोटरीतून बाहेर पडते, त्याच सुमाराला येईन. पाटाच्या कडेला बसवा मला, बाकी काही नको. जेवायला घरूनच घेऊन येईन.

पत्राचं उत्तर लवकर टाक.

आबा


नाहरखेडी
४ नोव्हेंबर १९९५

आबा,

पत्र परवा मिळालं. ग्रहणात सगळं झाकलेलं होतं. उंदीर नाहीत. पेरणीचं मनावर घेऊ नका, ती ठरल्याप्रमाणे होते आहे. मंडळाचं काम फार आहे म्हणून एवढंच लिहिते. आई नमस्कार सांगते.

जयू


माधव नगर, उज्जैन
३० नोव्हेंबर १९९५

जयू बेटा,

तुझं कार्ड चार ओळींचं आलं. त्यानंतर काहीच नाही. पेरणी झाली तेही तू कळवलं नाहीस, पण झाली असेल असं मी धरून चाललो आहे. माझ्या हिशेबानं आज अठरावा दिवस. तीन दिवसांनी पहिलं पाणी द्या. आता झाडाला बुडाशी बारीक फुटवे दिसायला लागतील. एखादं झाड हळूच उकरून बघ आणि किती फुटवे आहेत ते लिही. तीन असले तर बरं, पाच असले तर तुझ्या आजोबांच्या फोटोपुढे पेढा ठेव.

इथे घरामागे काम काढलं आहे. विटा येऊन पडल्या आहेत, दिवसभर धूळ उडते, म्हणून मी पुढच्या व्हरांड्यात बसतो. बसल्या बसल्या गावाला जातो. बसमधून फाट्यावर उतरतो, मग बाभळी, मग नाल्यावरची ती मोडकी पुलिया, मग उजव्या हाताला आपली विहीर. विहिरीपर्यंत रोज नीट पोचतो. त्याच्या पुढे गहू केवढा झाला ते मला माहीत नसतं, म्हणून तिथूनच परत फिरावं लागतं. तू दोन ओळी जास्त लिहिल्यास तर मी शेतात जाऊ शकेन.

तब्येत बरी आहे ना? आईची? काही लपवत असशील तर लपवू नकोस.

आबा


माधव नगर
९ डिसेंबर १९९५

प्रिय जयू,

मी कधी कुणाला पत्र लिहीत नाही, त्यामुळे घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली असं वाटलं.

अमोलचं हे बारावीचं वर्ष, त्याला बसायला खोली हवी म्हणून आम्ही घरामागे बांधकाम काढलं. आबांच्या गव्हाच्या पट्टीवरच पाया आला. ह्यांनी उन्हाळ्यातच त्यांना विचारलं होतं. आबा म्हणाले, "पोराच्या शिक्षणापुढे गहू कसला?" मी तेव्हा विचारलं, थोडं बी ठेवलंत ना? म्हणाले, ठेवलंय. काल मी तो पत्र्याचा डबा घासायला काढला तर रिकामा. एक दाणा नाही. होतं तेवढं सगळं त्यांनी तुला पाठवलं आहे.

खरं सांगू, अकरा वर्षं त्या गव्हानं माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत कुसळं भरली. मी पुष्कळ बोलले आहे. पण आता ते व्हरांड्यात बसून पोस्टमनची वाट बघतात आणि तो पुढे गेला की पेपर उलटा धरून बसतात, ते बघवत नाही. तू त्यांना लांबसं पत्र लिही. आणि कापणी झाली की मूठभर गहू परत पाठव. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

सुनंदाकाकू


नाहरखेडी
१६ डिसेंबर १९९५

आबा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

तुमचा गहू आम्ही १३ ऑक्टोबरला पेरला. तुम्ही ग्रहणाचं पत्र लिहिलंत तेव्हा पिशवी रिकामी होऊन बारा दिवस झाले होते आणि शेतात गहू बोटभर उगवला होता.

तुम्ही कार्तिक वद्य पंचमी लिहिलंत, मी शाळेच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्यात कार्तिक कृष्ण पंचमी १३ ऑक्टोबरला होती. इथे सगळ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. ज्या पंधरवड्याला आपण आश्विन वद्य म्हणतो त्याला गाव कार्तिक म्हणतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपली दिवाळी आश्विनात आणि त्यांची कार्तिकात, हे लहानपणापासून ऐकते आहे. पण आजी गेल्यापासून घरात मराठी पंचांग उघडलं जात नाही, आणि त्या दिवशी मला ते सुचलं नाही. तुमच्या पत्रात "आणखी अठरा दिवस" वाचलं तेव्हा सुचलं.

गहू उन्हात भराभर उगवला. फुटवे धरलेच नाहीत. नोव्हेंबर संपायच्या आत वीतभर झाडाला लोंबी आली, एका झाडाला एक, आणि तीही बोटाच्या पेराएवढी. काही वाळवीनं खाल्लं. दाणा चोळून बघितला तर नुसतं फोलपट. जिल्ह्याचे लोक फेब्रुवारीत येतील तेव्हा त्यांना दाखवायला काही उरणार नाही. मांगीलाल टोमणा मारत नाही, हेच जास्त लागतं.

मी तुमच्यापासून लपवलं, कारण लिहिलं असतं तर तुम्ही चूक स्वतःकडे घेतली असती. आणि मला वाटत होतं, तुमच्याकडे बी आहे, पुढच्या वर्षी मागून घेऊ. तुमचा डबा रिकामा आहे हे मला आता कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नका.

एकच गोष्ट बरी आहे. पाटाच्या कडेला, चिंचेच्या सावलीत, चार ओळी वाचल्या आहेत. तिथली माती ओली राहते. त्या झाडांना तीन-तीन फुटवे आहेत आणि ती अजून हिरवी आहेत. मी रोज जाते.

तुम्ही रागवा, पण पत्र लिहा.

जयू


माधव नगर, उज्जैन
२४ डिसेंबर १९९५

जयू बेटा,

तुझं पत्र मिळाल्याला दोन दिवस झाले. रागावलो होतो, पण कुणावर ते मला सापडत नव्हतं. शाळेच्या कॅलेंडरवर रागावून बघितलं. मांगीलालवर रागावायला गेलो तर आठवलं, तोच म्हणाला होता की ऊन चमडी उतरवतंय. ते तू मला लिहिलंही होतंस. मी वाचलं आणि उलटा अर्थ लावला, पोरगं उशिरा पेरायचं म्हणतंय असा. तेव्हाच मला कळायला हवं होतं. ऑक्टोबरात ऊन असतं, पंचमीला आपल्याकडे लोक शाल घेतात.

साठ वर्षं मी या लोकांत राहिलो. त्यांच्या लग्नांना गेलो, त्यांच्या तिथ्या विचारून गेलो. दर वेळी मनात पंधरा दिवसांचा हिशेब करायचो. दर पाडव्याला टावर चौकातून दोन पंचांगं घ्यायचो, एक गावाला पाठवायचो. तुझी आजी गेल्यावर ते थांबवलं. मला वाटलं, आता कोण बघणार? तू चूक माझ्याकडे येऊ नये म्हणून लपवलंस, पण ती माझीच होती, माझ्याकडेच आली.

डबा रिकामा आहे हे खरं. तुला सांगितलं असतं तर तिफणीवर तुझी मूठ आवळली असती, म्हणून सांगितलं नाही. आणि सुनंदानं तुला लिहिलं हे मला ठाऊक आहे. पाकीट तिनं माझ्याच उशीखालून घेतलं.

आता त्या चार ओळींचं ऐक. पोपट पहिले तिथे येतील, दिवसभर कुणीतरी बसलं पाहिजे. पाणी थोडं थोडं द्या, तुंबू देऊ नका. विळा लावू नका, लोंबी पिवळी झाली की एकेक हातानं खुडा. मधल्या फुटव्याचं बी वेगळं ठेवा.

मला आत्ता यावंसं वाटतं आहे. चार ओळी का होईना. पण इथे थंडी आहे, खोकला आहे आणि वसंता मार्चअखेरचं बँकेचं काम सांगतो. मार्च अजून लांब आहे. मी त्याला तसं म्हटलं नाही.

आबा


नाहरखेडी
१८ फेब्रुवारी १९९६

आबा, नमस्कार.

११ तारखेला खुडणी झाली. अकरा जणांनी चार ओळी खुडल्या, लग्नाला जमावेत तसे. पोपटांवर मांगीलालची आजी बसली होती, तिच्या शिव्यांनी पोपटच काय, पोस्टमनही वळून गेला. आईनं लोंब्या लुगड्यावर घेऊन हातानं चोळल्या. एक किलो आठशे ग्रॅम भरले. दाणा लांब आहे आणि उजेडात धरला की काचेसारखा दिसतो.

काल जिल्ह्याचे लोक येऊन गेले. रिकाम्या शेतापुढे उभे राहून विचारलं, इथे काय होतं? मी तोंड उघडायच्या आत मांगीलालनं सगळं सांगून टाकलं, दोन पंचांगांसकट. साहेब हसले. शील्ड दुसऱ्या गावाला गेली, तिथे त्या कंपनीचा गहू कमरेइतका उभा होता. आम्हाला सोयाबीनचं बी तपासून दिल्याबद्दल एक सर्टिफिकेट मिळालं. ते शाळेत लावलं आहे, कॅलेंडरच्या शेजारी.

रात्री मीटिंग झाली. मांगीलालनं ठराव मांडला, "यह बीज बाबूजी का है, उनको वापस भेजो." बाकीचे म्हणतात, पुढच्या वर्षी इथेच पेरू. निर्णय तुमच्यावर सोडला आहे. पाठवायचं असेल तर त्याच कंडक्टरजवळ देते. पेरायचं असेल तर या वेळी इंग्रजी तारीख लिहा. मी ती भिंतीवर रंगानं लिहून ठेवते, म्हणजे कुणाची चूक व्हायला नको.

जयू


माधव नगर, उज्जैन
२६ फेब्रुवारी १९९६

जयू बेटा,

बी परत पाठवू नकोस. मागच्या पट्टीवर अमोलची खोली उभी राहिली, परवा तिला निळा रंग दिला. बी इथे आलं तर मी रोज झाकण उघडून बघेन, आणि बघण्यानं ते उगवत नाही.

तू तारीख मागितलीस. मी चार दिवस तारीख लिहायला बसतो आहे. नवं पंचांग आणलं. येत्या साली अधिक महिना आहे, आपली कार्तिक वद्य पंचमी नोव्हेंबरच्या अगदी शेवटाला जाते. म्हणजे पंचमी धरली तर उशीर. मग मी १२ नोव्हेंबर लिहिली. मग वाटलं, थंडी लवकर पडली तर? खोडली. ५ लिहिली. थंडी लांबली तर? तीही खोडली.

शेवटी आठवलं की आमच्या बापानं पंचांग बघून कधी पेरलंच नाही. दिवाळीच्या सुमाराला तो रोज पहाटे वहाणा बांधावर काढून शेतात जायचा आणि नुसता उभा राहायचा. आम्ही दोघे भाऊ मागे कुडकुडत. असे पंधरा-वीस दिवस जायचे. मग एक दिवस घरी येऊन म्हणायचा, तिफण काढा. बऱ्याचदा पंचमी मागेपुढे असायची, म्हणून आई तिला पंचमीची पेरणी म्हणायची. पुढे मीसुद्धा तसाच उभा राहून पेरत आलो. पण अकरा वर्षं मी फरशीवर चालतो आहे. माझ्या पायाला काही कळत नाही, आणि तुला हे लिहिण्याची मला लाज वाटली असेल, म्हणून मी तिथी लिहिली.

तेव्हा आता तारीख लिहीत नाही. दिवाळी आली की तू आणि मांगीलाल पहाटे अनवाणी जा. दोघांनी जा. तो म्हणाला अजून ऊन आहे, तर त्याचं ऐक. मला विचारू नका. विचारलंत तर मी उत्तर देईन, ती माझी खोड जायची नाही. पेरून झालं की मग कार्ड टाक. ते मला तीन-चार दिवसांनी मिळेल, तोवर गहू जमिनीत रुजला असेल आणि मला इथून काही म्हणता येणार नाही.

वसंता दिवाळीपर्यंत गाडी घेतो म्हणतो. घेतली तर घेतली. मी वाट बघत नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही.

कार्डात फार लिहू नकोस. किती ओळी, किती खोल, मूठ कुणी धरली, काही नको. माती पायाला कशी लागली, तेवढं लिही.

आबा